'आजोबा काय करायचे?'

समुपदेशनाला नवीन माणूस आला की पहिल्या भेटीत आम्ही त्याच्या घराण्याचा नकाशा काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा. तीन पिढ्या. प्रत्येकाचं वय, शिक्षण, कामधंदा, आजार, व्यसन, कुणी जीव दिला असेल तर तेही. वीस-पंचवीस मिनिटांत कागद भरतो आणि त्यातून खरोखर बरंच काही कळतं. पद्धत वाईट नाही. पुण्यात मी हे काम पंचवीस वर्षं करते आहे, आणि त्यातली पहिली बारा तरी 'आजोबा काय करायचे?' हा प्रश्न मी पावसापाण्याच्या गप्पांइतक्या सहज विचारला.

2013 च्या सुमारास एक मुलगी आईबरोबर आली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेलला राहणारी, दोन महिने वर्गात पाऊल न टाकलेली. (तिचे आणि या लेखातल्या इतरांचे ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) आजोबांचा प्रश्न आला तशी आई म्हणाली, "शेती." फार पटकन म्हणाली. मुलीने मान खाली घातली. मी चौकोनाखाली 'शेती' लिहिलं आणि पुढच्या चौकोनाकडे वळले.

पाचव्या भेटीला मुलगी एकटीच आली. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तुमचे आजोबा काय करायचे?"

अशा वेळी काय म्हणायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. 'हे जाणून घ्यावंसं तुला का वाटलं?' वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या दिवशी मी खरं उत्तर दिलं. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे कुलकर्णी, गावाचं दप्तर त्यांच्याकडे असायचं. ती हसली. म्हणाली, "माझे आजोबा सांगावे पोचवायचे. गाव वेगळं, पण तुमच्या आजोबांसारख्यांचेच." मग तिने महारकीबद्दल सांगितलं. मयताची खबर घेऊन पायी दुसऱ्या गावी जाणं, मेलेली जनावरं ओढणं, बदल्यात मिळणारं बलुतं. कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्याने गेलं, महार वतन 1958 च्या. दोन्ही माझ्या त्या तीन पिढ्यांच्या कागदावर मावत होती. मात्र माझ्या घरात आजोबांच्या दप्तराची गोष्ट दिवाळीला कौतुकाने निघते आणि तिच्या घरात आजोबांच्या कामाची गोष्ट आई परक्या बाईसमोर 'शेती' म्हणून झाकते. एकच प्रश्न मी दोघींना विचारू शकते, पण तो एकच प्रश्न राहत नाही.

थेरपिस्ट तटस्थ असतो, असं आम्ही शिकतो आणि शिकवतो. खोली साधी ठेवायची, भिंतीवर देवाबिवाचा फोटो नको, स्वतःबद्दल बोलायचं नाही, समोरच्याला न्याय-अन्याय सांगायचा नाही. हे नियम मोडावेत असं मी म्हणणार नाही. पण ते पाळले की आपण तटस्थ झालो, ही समजूत मला आता खोटी वाटते. माझी भाषा, माझं आडनाव, मी कुठल्या गोष्टीला 'सवय' म्हणते आणि कुठल्या गोष्टीला 'लक्षण', हे सगळं त्या साध्या खोलीत माझ्याआधी येऊन बसलेलं असतं. समोरचं कुटुंब माझ्याच मुशीतलं असेल तर ते कुणालाच दिसत नाही. नसेल, तर कुटुंबाला पहिल्या मिनिटाला दिसतं आणि मला कधीकधी बारा वर्षांनी.

अल्पसंख्याक म्हणजे कोण, हे इथे थोडं सैल धरते. धर्माने अल्पसंख्य असलेली मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध कुटुंबं तर आलीच. पण क्लिनिकच्या खोलीत दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतली माणसंही अल्पसंख्यच असतात, कारण खुर्चीच्या या बाजूला त्यांच्यातलं जवळजवळ कुणी नसतं.

सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं, तर जगाबद्दलची समोरच्याची तक्रार आम्ही त्याच्या डोक्यातली गडबड म्हणून नोंदवतो तिथे. आमच्या हातातलं एक मोठं हत्यार म्हणजे विचार तपासणं. 'सगळे माझ्याकडे बघून कुजबुजतात' असं कुणी म्हणालं की आम्ही विचारतो: पुरावा काय? दुसरा काही अर्थ असू शकतो का? लोकांच्या मनातलं तुला कसं कळलं? ज्याची भीती खरोखर फुगलेली आहे त्याच्यासाठी हे प्रश्न औषधासारखे आहेत. पण ज्या मुलीला मेसमध्ये प्रवेश परीक्षेचे गुण आणि प्रवर्ग विचारला जातो, तिला मी 'दुसरा काही अर्थ असू शकतो का?' विचारलं, तर मी तिच्या वर्गमित्रांच्या बाजूची वकील झाले. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी थोरात समितीने 2007 मध्येच केली होती. 22 मे 2019 रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली; वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याने तिने जीव दिला, असा घरच्यांचा आरोप आहे. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आदिवासीही आणि मुसलमानही. अशा प्रत्येक घटनेनंतर संस्था समुपदेशन कक्ष उघडण्याची घोषणा करतात. त्रास देणारे वर्गात आणि उपचार त्रास सोसणाऱ्यावर. त्या कक्षात बसलेली व्यक्तीच आरक्षणाबद्दल घरच्या जेवणाच्या टेबलावरची मतं घेऊन आलेली असेल, तर विद्यार्थ्याने तिथे नेमकं काय बोलावं?

महाराष्ट्रात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ मानसोपचार फार लोकप्रिय आहे. 1955 पासून एलिसने हा मार्ग मांडला आणि मराठी मध्यमवर्गाला तो आपल्याच विवेकवादाचा चुलतभाऊ वाटला. मीही त्यावर वाढले. त्यातला एक गाभ्याचा मुद्दा असा की 'जगाने माझ्याशी न्यायानेच वागलं पाहिजे' हा हट्ट माणसाला दुःखी करतो. हट्टाच्या जागी इच्छा आणा, 'वागलं तर बरं, नाही वागलं तरी मी सोसू शकेन'. मी हे वाक्य शेकडो लोकांना समजावलं असेल. चवदार तळ्याच्या एका वारसदाराला समजावताना माझी जीभ अडखळली. 20 मार्च 1927 ला महाडला जे घडलं तो हट्टच होता. पाणी मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी सोसू, असं म्हणायला ती माणसं जमली नव्हती. सोसून झालेलं होतं. एलिसची बाजू घ्यायची तर तो अन्यायाशी लढू नका असं म्हणत नाही, उलट डोकं शांत ठेवून लढा म्हणतो. पण आमच्या खोलीपर्यंत येता येता त्यातलं 'लढा' गळतं आणि 'शांत' तेवढं उरतं, कारण ज्यांना लढायची वेळच आली नाही अशा घरांतल्या माणसांनी ते मराठीत आणलं, शिकवलं आणि शिकलं. मीही त्यांच्यातलीच.

भीतीचंही तेच. पारधी वस्तीतला माणूस सांगतो, रात्री गाडीचा आवाज आला की मी घराबाहेर पळतो, पोलीस माझ्याच मागावर आहेत. केस पेपरवर 'संशय' हा शब्द लिहायला एक सेकंद लागतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरवलं आणि 1952 मध्ये तो कायदा गेल्यावरही ज्यांच्या पालावर पहिला छापा पडतो, त्यांच्यासाठी हा संशय आजार कधी आणि अनुभव कधी? मालेगावच्या 2006 च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्या मुसलमान तरुणांना विशेष न्यायालयाने 2016 मध्ये आरोपातून मुक्त केलं. मधली दहा वर्षं त्या गल्ल्यांमधल्या आया मुलाच्या फोनला दहा मिनिटं उशीर झाला की कशा होत असतील? त्यांच्यातली एखादी छातीत धडधड घेऊन आली तर तिला श्वासाचे व्यायाम द्यावेतच, त्याने बरं वाटतं. पण तिची काळजी 'अवाजवी' हा शेरा मी कुठल्या मापाने मारणार? माझ्या मुलाच्या फोनला उशीर होतो तेव्हा माझ्या मनात अपघात येतो, अटक येत नाही. माझं माप तिथून आलेलं आहे.

(उलटीही चूक होते, तीही सांगितली पाहिजे. पीडित समाजातला आहे म्हणून त्याचं सगळं समाजामुळेच, असं मानून खरा स्किझोफ्रेनिया ओळखायला उशीर केलेली एक केस माझ्याही खात्यावर आहे. सहानुभूतीनेही डोळे झाकतात.)

हे वाचून कुणाला वाटेल की बाई उगाच अपराधी भावना कुरवाळते आहे. त्यांच्यासाठी माझ्या मावसबहिणीची गोष्ट. ती न्यू जर्सीत राहते. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला शाळेने समुपदेशकाकडे पाठवलं, कारण तो वर्गात बोलत नव्हता. मुलगा आईबापाजवळ झोपतो, आजी सहा महिने घरीच राहते आणि त्याला हाताने भरवते, हे ऐकून त्या भल्या बाईंनी घरातल्या माणसांच्या सीमारेषा पुसट असल्याचं निदान केलं. मावसबहिणीचा तिळपापड झाला. फोनवर मला म्हणाली, "अगं, तिला आपलं घर म्हणजे काय तेच माहीत नाही!" महिनाभर शोधून तिने एक गुजराती थेरपिस्ट मिळवली आणि पहिल्याच भेटीनंतर सांगितलं की काही समजावून सांगावं लागलं नाही, किती हलकं वाटलं. हे हलकेपण आमच्या सगळ्या नातेवाइकांना एका क्षणात कळलं. तेच हलकेपण पुण्यात कोंढव्यातल्या मुसलमान किंवा येरवड्यातल्या दलित कुटुंबाला हवं असेल, हे मात्र त्याच नातेवाइकांना जातीयवाद वाटतो. 'डॉक्टरची पण जात बघायची का आता?' परदेशात आपण अल्पसंख्य झालो की संस्कृती असते, इथे दुसरा झाला की जात काढतो.

मावसबहिणीच्या त्या वाक्यात माझ्या तक्रारीचा गाभा आहे: काही समजावून सांगावं लागलं नाही. पुण्या-मुंबईत खासगी थेरपीच्या पन्नास मिनिटांना हजार-दीड हजार रुपये सहज पडतात. त्यातली वीस मिनिटं जर थेरपिस्टला इद्दत (नवरा गेल्यावर किंवा तलाकनंतर मुसलमान बाईने पाळायचा काळ) म्हणजे काय, जात पंचायतीने वाळीत टाकणं म्हणजे काय, पहिल्या पगारातून गावच्या घरावर पत्रे का टाकायचे हे शिकवण्यात जाणार असतील, तर फीही त्यांनीच द्यायची आणि शिकवणीही त्यांनीच घ्यायची, असा हिशेब होतो. बहुतेक माणसं हे तोंडावर बोलत नाहीत. तिसऱ्या भेटीनंतर येणं बंद करतात. आमच्या नोंदीत ते 'पाठपुरावा नाही' म्हणून जमा होतं, जणू काही आळस त्यांचा.

पहिली कमावती पिढी असलेल्या एका मुलाला मी 'नाही म्हणायला शीक' हा पाठ किती उत्साहाने दिला होता ते आठवलं की आजही कसंतरी होतं. पगार झाला की गावाकडून फोन येतात, काकांचं ऑपरेशन, चुलत बहिणीची फी. त्याला झोप लागत नव्हती. मी म्हटलं, स्वतःसाठी सीमा आख. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी बारावीला असताना अख्ख्या भावकीने वर्गणी काढली होती." माझ्या शिक्षणाला कुणी वर्गणी काढली नव्हती, वडिलांनी चेक फाडला होता. 'माझा पैसा' हा शब्द आम्हा दोघांच्या तोंडी सारखा असला तरी त्याचा अर्थ सारखा नव्हता. पुढचे दोन महिने आम्ही 'नाही' म्हणण्याऐवजी कुणाला किती आणि कधी याचं वेळापत्रक करत बसलो. त्याला झोप येऊ लागली.

मुसलमान कुटुंबांच्या बाबतीत अडाणीपणा अनेकदा अगदी साध्या गोष्टींत असतो. एका कोकणी मुसलमान बाईशी आमची एक इंटर्न अर्धा तास मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होती. शेवटी बाईच म्हणाल्या, "ताई, मराठीत बोला ना, माझं हिंदी तुमच्यापेक्षा वाईट आहे." हे विनोदी झालं. औषधांचं विनोदी नाही. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्या माणसाने दिवसभर पाणी घेतलं नाही तर रक्तातली त्याची पातळी वाढून धोका होऊ शकतो. रमजानच्या आधी महिनाभर डॉक्टरने स्वतःहून विचारलं, रोजे धरणार का, तर सहरी-इफ्तारच्या वेळा धरून डोस बसवता येतो का ते पाहता येतं, रक्त तपासता येतं, आणि आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलता येतं. विचारलंच नाही तर काय होतं? रोजे धरले जातात, गोळ्या गुपचूप बंद होतात आणि ईदनंतर माणूस घरच्यांना आवरेनासा होतो. डॉक्टर रागावतात की औषध का सोडलं. घरचे गप्प बसतात, कारण कारण सांगितलं तर धर्मावर व्याख्यान ऐकावं लागेल ही भीती.

शांत होण्यासाठी ओंकार म्हणा, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, देणाऱ्याला तो धार्मिक वाटतच नाही. आणि बौद्ध घरातल्या मुलीला आम्ही अमेरिकन ॲपवरून 'माइंडफुलनेस' शिकवतो, जिच्या घरी दर पौर्णिमेला त्रिशरण-पंचशील म्हटलं जातं आणि जिची आत्या इगतपुरीला विपश्यनेचे दोन कोर्स करून आली आहे. बुद्धाचा वळसा कॅलिफोर्नियातून घालून तो तिच्याच पदरात टाकताना आपण तिला काही नवीन देतो आहोत असा आमचा आव असतो.

मग उपाय काय? दलिताला दलित, मुसलमानाला मुसलमान थेरपिस्ट? इथे मी माझ्याच बाजूच्या काही मित्रांपासून फुटते.

समान वंशाचा थेरपिस्ट मिळाला तर काय फरक पडतो यावरच्या अनेक अभ्यासांचा, बहुतांश अमेरिकी, एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना आपल्यातला थेरपिस्ट हवा असतो, हे त्यात ठळक दिसलं. तो अधिक चांगला वाटतो, हेही काही प्रमाणात दिसलं. पण प्रत्यक्ष बरं होण्यात सरासरी फरक जवळजवळ नव्हता. कृष्णवर्णीयांमध्ये तेवढा थोडासा फायदा आढळला. म्हणजे रक्ताचं नातं जुळवून काम भागत नाही. आणि माझा अनुभव असा की पुष्कळ बायका मुद्दाम परजातीतली, परधर्मातली समुपदेशक शोधत येतात. "आमच्यातल्या बाईकडे गेले तर शुक्रवारपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याला कळेल," असं एकीने मला स्पष्ट सांगितलं. लहान समाजात गुपित टिकत नाही. शिवाय आपल्यातला म्हणजे समजूतदार असं कुठे आहे? शिकून वर गेलेला माणूस मागे राहिलेल्या भाऊबंदांशी कधीकधी परक्यापेक्षा कठोर होतो. 'मी केलं, तुला का जमत नाही?'

फ्रान्झ फॅनन आठवतो. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाचा कृष्णवर्णीय डॉक्टर, वसाहतवादाचा कडवा टीकाकार. 1953 मध्ये अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात गेला. तिथे युरोपीय बायकांच्या वॉर्डात त्याने सण-समारंभ, सिनेमा, विणकाम, रुग्णांचं वर्तमानपत्र असे उपक्रम सुरू केले आणि ते छान चालले. तेच त्याने मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात केले. पुरुष गप्प बसून राहिले. गोऱ्यांच्या वर्चस्वावर लिहिणाऱ्या या माणसाने तिथे गोऱ्यांचाच साचा आणला होता, आणि त्याला रुग्णांची अरबी किंवा कबिली भाषा येत नव्हती, दुभाष्यावर काम चाले. मग त्याने वॉर्डात अल्जीरियन पद्धतीचा कॉफीचा अड्डा उघडला, मुसलमानी सण साजरे केले, कथेकऱ्याला बोलावलं. माणसं बोलू लागली. 1954 मध्ये सहकाऱ्याबरोबर त्याने हे आपलं अपयश छापून प्रसिद्ध केलं. फॅननची कातडी त्याला वाचवू शकली नाही. आपण चुकलो हे लिहून काढण्याच्या तयारीने वाचवलं.

तरीही 'थेरपिस्ट कुठल्या समाजातला आहे याने काही फरक पडत नाही' असं माझं म्हणणं नाही. 'फरक पडत नाही' म्हणण्याची चैन ज्यांना निवड आहे त्यांना परवडते. सदाशिव पेठेतल्या बाईला आपल्यातली थेरपिस्टही मिळते आणि परकीही. नंदुरबारच्या, पावरी ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या आईला दोन्ही मिळत नाहीत. मला जुळवाजुळव नको, निवड हवी, आणि निवड व्हायला खुर्चीच्या या बाजूला माणसं लागतात.

ती का येत नाहीत? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (त्याच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही एक खंतच) सांगितलं की प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता आणि बहुतेक आजारांत 70 टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना होते. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही. एवढी गरज आहे म्हटल्यावर कुणालाही या व्यवसायात यायला वाव असावा. पण वाट कशी आहे पाहा. पदव्युत्तर दोन वर्षं, मग क्लिनिकल मानसशास्त्राचं प्रशिक्षण, ज्याच्या जागा मोजक्या आणि पुस्तकं इंग्रजी. मध्ये बिनपगारी इंटर्नशिप. नंतर सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी थेरपिस्टला आपल्या केसेस दाखवून शिकण्याचे पैसे, स्वतः थेरपी घेण्याचे पैसे. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षापर्यंत घरून खर्च येत राहील असं घर लागतं. बार्टी, महाज्योती, सारथीसारख्या सरकारी संस्था स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना पैसे देतात, आणि द्यावेतच. पण कलेक्टर घडवण्याच्या त्या उत्साहातला थोडा भाग जरी पारधी, भिल्ल, बौद्ध, मुसलमान मुला-मुलींना मानसशास्त्रज्ञ करण्यासाठी वळला, इंटर्नशिपच्या वर्षाला विद्यावेतन मिळालं, तर दहा वर्षांत जिल्ह्याच्या गावी फरक दिसेल. मला हा खर्च अगदी किरकोळ वाटतो, पण मी अर्थखात्यात नाही.

दुसरी वाट त्याहून जवळची आहे आणि तिचा पुरावा शेजारी गोव्यात आहे. संगथ या संस्थेने गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर सहा-आठ भेटींचं समुपदेशन करायला उभं केलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, 495 रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. तीन महिन्यांनी या समुपदेशनाच्या गटात 64 टक्के लोक नैराश्याबाहेर होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात 39. नाशिकच्या पेठ तालुक्यातही पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने 'आत्मीयता' नावाने गावच्याच लोकांना असं काम शिकवलं. झिम्बाब्वेत तर दवाखान्याबाहेरच्या बाकावर शिकवून तयार केलेल्या आज्या समुपदेशनाला बसतात आणि आजाराला नैराश्य म्हणत नाहीत, शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा' हा शब्द वापरतात: फार विचार करणं. आपल्या आया दुसरं काय म्हणतात? "लय विचार येत्यात, डोस्कं नुसतं घुमतंय." मी त्यावर वर्षानुवर्षं 'चिंताविकार' लिहीत आले. निदान बरोबर होतं, पण त्या बाईला माझ्या शब्दाचं काही करता येत नव्हतं आणि तिच्या शब्दाचं मी काही करत नव्हते.

दर्ग्याला आणि देवऋषीला जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न पुण्याच्या कुठल्याही सभेत हमखास येतो. साखळदंड, मारझोड, लुबाडणूक यांना क्षमा नाही. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळीने बांधलेली माणसं जळून मेली, ते विसरता येत नाही. पण गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून दवाही मिळते आणि दुआही. मुजावर माणसाला डॉक्टरकडे पाठवतो, डॉक्टर त्याला दर्गा सोडायला सांगत नाही. मी नास्तिक आहे. तरी मला ही तडजोड आमच्यातल्या पुष्कळ स्वच्छ विवेकवादापेक्षा जास्त माणसांना गोळीपर्यंत पोचवणारी वाटते.

कायदा तर आमच्या पुढे गेलेला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 18 व्या कलमात जात, धर्म, संस्कृती, वर्ग, लैंगिक कल यांवरून भेद न करता उपचाराचा हक्क आहे. तिसऱ्या कलमात तर स्पष्ट आहे की एखाद्याच्या समाजातल्या रूढ मूल्यांशी तो जुळत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवता येणार नाही. पण कायदा दारात अडवणाऱ्याला पकडतो. 'आजोबा काय करायचे?' विचारणाऱ्या सभ्य बाईला तो कसा पकडणार?

त्यावर हल्ली दोन दिवसांच्या कार्यशाळा निघाल्या आहेत. 'मुस्लिम क्लायंटशी संवाद', 'आदिवासी मानसिकता' वगैरे. स्लाइडवर त्यांच्या चालीरीतींची यादी, खाली चहा-सामोसा. मला या याद्यांची भीती वाटते. त्या पाठ केलेला थेरपिस्ट समोरच्या माणसाला न विचारता यादीशी ताडून बघतो, आणि 'त्यांची' यादी करताना 'आपली' यादी करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. सुपरव्हिजनमध्ये मी आता नवीन समुपदेशकांना दर केसनंतर एक जादा प्रश्न विचारते: या माणसाबद्दल तुला जे विचित्र वाटलं, ते तुझ्या घरात कधी विचित्र ठरलं होतं? काही जणी चिडतात. एकीने 'हे थेरपीचं राजकारण करणं आहे' म्हणून माझ्याकडे येणं बंद केलं.

त्या इंजिनिअरिंगच्या मुलीने पुढे कॉलेज बदललं, पदवी घेतली. तिचं बरं होणं माझ्या खात्यावर लिहायला मी धजत नाही. दुसऱ्या हॉस्टेलला तिच्या गावाकडच्या दोन मुली होत्या, त्याचा वाटा जास्त असावा.

गेल्या वर्षीपासून इंटर्नच्या पहिल्या दिवशी मी कुणाचाही केस पेपर त्यांच्या हातात देण्याआधी कोरा नकाशा देते आणि स्वतःच्या तीन पिढ्या भरायला सांगते. नऊ जणी होत्या. सहा जणींच्या आजोबांच्या चौकोनाखाली शिक्षक, बँक, पोस्ट, सरकारी नोकरी असं भराभर उतरलं. दोघींनी शेती लिहिलं. एकीने तो चौकोन काढला, गडद केला आणि खाली काहीच लिहिलं नाही. कागद गोळा करताना मी तिचा कागद इतरांसारखाच घेतला आणि चहाला चला म्हटलं.